चार दिवसांची इस्कंदरिया

मी आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. तरी इस्कंदरिया शहरात चार दिवस कसे काढावेत हे मला झोपेतून उठवून विचारलं तर आजही धडाधडा सांगेन. पहिल्या दिवशी फक्त पाण्यावर जायचं, बाकी काही पाहायचं नाही. दुसऱ्या दिवशी दगडी खांब आणि तिथून बाजार. तिसरा दिवस किल्ल्याला. चौथ्या दिवशी काय घ्यायचं ते घेऊन दुपारच्या आत परतीच्या गाडीवर. हा सगळा बेत मी जळकोटात चुलीपुढं बसून केला होता. त्या बेतानं माझा संसार नासवला, आणि तो बेत माझ्याकडून हौसेनं करून घेतला गेला, ह्याचा राग अजून माझ्या पोटात आहे.

लढाईचे दिवस होते. जळकोट निजामाच्या मुलखात, आणि माझं माहेर सोलापूरचं, म्हणजे इंग्रजी हद्दीतलं. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. नाका ओलांडला की नाणं बदलायचं हे सगळ्यांना माहीत असतं, पण अक्षरंही बदलायची. मी सोलापूरला मुलींच्या शाळेत चार इयत्ता मराठी शिकले, बालबोध लिपीत. माझे मालक जळकोटच्या शाळेत शिकले ते सगळं उर्दूत. मराठी ते माझ्यासारखंच बोलत, पण लिहायची म्हटली की त्यांचा हात अडायचा. मला तर उर्दू म्हणजे कागदावर सांडलेल्या मुंग्या. लग्नात लोकांनी केवढं कौतुक केलं, दोघंही शिकलेली म्हणून! ह्या दोघांना एकमेकांना चिठ्ठी लिहिता येणार नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. नवरा-बायकोनं एकमेकांना चिठ्ठी कशाला लिहायची, असाच तो काळ होता.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मालक लष्करात मोटार चालवायला गेले आणि तिथून मिसर, म्हणजे इजिप्त देशात पोचले. ते निघाले तेव्हा मला पाचवा महिना होता. जाताना म्हणाले, "येतो आन् सोलापुरात खोली घेतो. लॉरी चालवीन. तू, म्या आन् लेकरू." मुलगी झाली, रांगायला लागली, चालायला लागली, आणि बापानं तिचं तोंड पाहिलेलं नव्हतं. माझा जीव सगळा त्या एका गोष्टीत अडकला होता. एकदा त्यांनी यावं, लेकीला उचलून घ्यावं, मग पाहिजे तर परत जावं.

घरात सासूबाई आणि थोरले दीर. थोरल्या दिराला आमच्याकडं भाया म्हणतात. भायांची बायको तापानं गेलेली, मागं दोन मुलगे, एक चार वर्षांचा आणि एक सहाचा. सासूबाईंचे गुडघे धरलेले. म्हणजे चूल, जातं, गोठा, तीन पोरं आणि सासूबाईंचं तेल-पाणी, सगळं माझ्याकडं. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. भायांची पोरं माझ्याच कुशीत झोपायची. माझी लेक त्यांचं ऐकून भायांना 'आबा' म्हणायला लागली, तेव्हा मलाच हसू आलं होतं.

मालकांची पत्रं उर्दूत यायची आणि ती वाचायचे भाया. चावडीवर पटवाऱ्याच्या हाताखाली ते लिहिण्याचं काम करत, त्यांचं उर्दू अक्षर गावात नावाजलेलं. भायांपुढं सुनेनं उभं राहायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, ही रीत. म्हणून पत्र आलं की भाया ओसरीवर बसत, मी आत दाराआड, आणि सासूबाई उंबऱ्यावर. मी विचारायची, "आत्याबाई, विचारा की, तब्येत बरी आहे का म्हणून लिहिलंय का?" भाया माझ्यापासून दोन हातांवर. त्यांना माझा शब्द न् शब्द ऐकू जायचा. तरी ते कान नसल्यासारखे बसायचे. मग सासूबाई तोच प्रश्न पुन्हा विचारायच्या, आणि मग भाया उत्तर द्यायचे, तेही सासूबाईंना. माझ्या नवऱ्याचं पत्र मला असं वळसा घालून मिळायचं.

एकदा मी सासूबाईंकरवी विचारलं, की मी बालबोधीत लिहून पाठवू का? भाया म्हणाले, "आई, तिला सांग, लष्करात पत्र तपासून पुढं धाडतेत. बालबोध तपासायला तिथं माणूस नसला तर ते तसंच पडून ऱ्हातंय." मी मान्य केलं. न मान्य करून सांगते कुणाला?

लेक दीड वर्षाची असेल. शेंगा काढायचे दिवस होते, हात मातीनं भरलेले, आणि भाया पत्र घेऊन आले. मी तशीच दाराआड बसले. भायांनी वाचलं, की चार दिवसांची रजा मिळतेय. जवळच इस्कंदरिया म्हणून मोठं बंदर आहे, तिथं पाहण्यासारखं पुष्कळ आहे म्हणतात. जाऊ का, घरच्यांनी कळवावं.

मी म्हटलं, "आत्याबाई, विचारा, घरी यायचं काही लिहिलंय का?"

सासूबाईंनी विचारलं. भायांनी कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "त्याचं काय न्हाय ह्यात."

मी गोठ्यात जाऊन थोडं रडून घेतलं. मग मीच मला समजावलं. माणूस तिकडं तोफांच्या आवाजात लॉरी हाकतोय, त्याला चार दिवस मोकळे मिळताहेत, आणि मी इथं तोंड पाडून बसू? मला तिकडं जाता येत नसलं म्हणून काय झालं, बेत तर करता येईल! एकदा हे मनात आलं, आणि माझे पाय जमिनीवर ठरेनात.

आमच्या मागच्या गल्लीत शाळेतले मुसलमान मास्तर राहायचे. त्यांच्या बायकोला मी खाला म्हणायची. खालांना उर्दू वाचता यायचं, पण लिहायला त्यांच्या बापानं शिकवू दिलं नव्हतं. मुलगी लिहायला शिकली की परक्या माणसाला चिठ्ठ्या लिहील म्हणे. मी त्यांच्याकडं गेले आणि सगळं सांगितलं. खालांनी मास्तरांचं भूगोलाचं पुस्तक आणलं, मधला नकाशा उलगडला, आणि एका निळ्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे बहीरा-ए-रूम, तिथला समुद्र." मास्तर पडद्याच्या पलीकडून सांगत होते. समुद्राच्या काठानं कोसभर बांधलेला रस्ता आहे. एकाच दगडाचा उंच खांब आहे, त्याच्या बुडाशी माणूस बोटाएवढा दिसतो. पूर्वी एक मोठा दिवा होता जहाजांना वाट दाखवणारा, तो पडला, त्या जागी आता किल्ला आहे. आणि ट्राम आहे, तीसुद्धा दुमजली! खालांकडंही बाई पडद्याच्या आतच होती, पण तिथं प्रश्न मधल्या माणसाशिवाय पलीकडं जात होता, एवढं मला तेव्हा जाणवलं.

आमच्याकडं फिरायला जाणं म्हणजे तुळजापूर. आधी अंघोळ, मग दर्शन, मग बाजार, आणि निघताना पुन्हा एकदा शिखराला हात जोडायचे. मी इस्कंदरिया त्याच मापानं बेतली. पहिल्या दिवशी बूट काढून समुद्रात पाय घालायचे आणि हात जोडायचे. नारळ मिळाला तर वाहायचा, नाही मिळाला तर जवळ असेल त्यातला घास. त्या दिवशी दुसरं काही पाहायचं नाही, पाण्याला राग येतो. दुसऱ्या दिवशी खांब, पण ऊन चढायच्या आत, कारण ह्यांना उन्हानं डोकं धरायची खोड. किल्ला आपल्या नळदुर्गापेक्षा मोठा आहे की लहान, ते नीट पाहून यायचं. ट्रामच्या वरच्या मजल्यावर बसायचं आणि उतरताना उडी मारायची नाही. लेकीसाठी शंख. माझ्यासाठी काही आणू नका, हे मी मुद्दाम लिहायला लावलं, म्हणजे काहीतरी आणतील!

तीन संध्याकाळी हे पत्र चाललं होतं. मी दाराआडून सांगायची, सासूबाई म्हणायच्या, भाया लिहायचे. सासूबाईंना 'ट्राम' म्हणता येईना, त्या 'टराम' म्हणायच्या आणि पोरं खिदळायची. भायांनी माझं एक वाक्य गाळलं नाही. किल्ल्याचं सांगायचं राहिलं होतं, तर त्यांनीच सासूबाईंना म्हटलं, "किल्ल्याचा दिवस कोणता धरायचा, इचार तिला." मला वाटलं, किती चांगला माणूस आहे.

अडीच-तीन महिन्यांनी एक कार्ड आलं. पुढं समुद्राकाठच्या रस्त्याचं चित्र, खजुराची झाडं, आणि मागं उर्दूत चार ओळी. भायांनी वाचलं, "सांगितल्यापरमाणं समदं पाह्यलं. शहर चांगलं हाय. म्या खुशाल हाय." मी थांबले. पुढं काही नव्हतं. शंखाचं नाही, ट्रामचं नाही, लेकीचंही नाही. माझा थोडा विरस झाला, पण कार्डावर जागा ती किती असणार, म्हणून मी सोडून दिलं. चित्र मात्र माझ्या खोलीत आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलं. येईल त्या बाईला दाखवायची. म्हणायची, हा बेत माझा.

त्यानंतर त्यांची पत्रं आखडली. पूर्वी दोन पानं यायची, आता पाच ओळी. पूर्वी पोरीला काय-काय येतं ते विचारायचे, आता 'सर्वांना आशीर्वाद'. मी लढाईला बोल लावला. माणूस थकला असेल म्हटलं.

असं वर्ष गेलं. ईद होती, खाला शीरखुर्म्याचा डबा घेऊन स्वतः आल्या. माझ्या खोलीत बसल्या, आरशातलं कार्ड काढून चित्र पाहिलं, म्हणाल्या, "रस्ता लई चांगलाय गं." आणि सहज उलटून मागचं वाचायला लागल्या. वाचताना त्यांचे ओठ हलायचे. ओठ थांबले.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "ये तो कुछ औरच लिख्या है."

मग त्यांनी मला एकेक शब्द मराठीत करून सांगितला. 'घरी येऊ का म्हणून विचारलं होतं. त्यावर घरातून एक शब्द नाही. फिरायचं मात्र दिवसवार लिहून आलं. मला काय समजायचं ते समजलं. सांगितलं त्याच क्रमानं सगळं पाहिलं. आता घरच्या रजेत माझा नंबर शेवटाला गेला. लढाई संपेल तेव्हा येईन.'

मी त्यांना ते तीन वेळा वाचायला लावलं. वर्षभर ते कार्ड माझ्या आरशात होतं. रोज सकाळी मी त्याच्यासमोर कुंकू लावत होते.

भाया ओसरीवर जेवत होते. त्यांची पोरं शेजारी. लग्नाला पाच वर्षं होत आली होती आणि मी त्यांच्यापुढं कधी आले नव्हते. त्या दिवशी सरळ उंबरा ओलांडून गेले आणि कार्ड त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. डोक्यावरचा पदर सुटला होता, तो मी सावरला नाही. म्हटलं, "भाया, ह्यावर काय लिहिलंय ते वाचा. आत्याबाईंना मधे घेऊ नका."

त्यांनी हात धुतला. खोटं बोलले नाहीत, एवढं खरं. पण माझ्याकडं पाहिलंही नाही. सासूबाईंकडं तोंड करून म्हणाले, "आई, तिला सांग. त्यानं इचारलं व्हतं, दोन महिन्यांची घरची रजा मागू का, का हे चार दिस घेऊ. चार दिस घेतले की घरचा नंबर मागं पडतोय म्हनला. आला असता तर हिला आन् पोरीला सोलापूरला घिऊन गेला असता. तसं लिवलंबी व्हतं."

"मग मला का नाही वाचून दाखवलं?"

"आई, तिला सांग, माझी दोन लेकरं म्या कुणाच्या पदरात टाकायची व्हती?"

मी सासूबाईंकडं पाहिलं. वाटलं, म्हातारी आता पोराला फाडून खाईल. त्या गुडघा चोळत बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "पोरं लई बारीक व्हती गं तवा."

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. तीन संध्याकाळी 'टराम, टराम' म्हणत पोरांना हसवत होत्या तेव्हाही माहीत होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय-काय बोलले ते आठवत नाही, पण गल्लीतल्या बायका दारात आल्या होत्या. मला सगळ्यात जास्त कशाचा संताप आला होता सांगू? त्यांनी लपवलं ह्याचा नाही. त्यांनी मला इतकं खूश होऊ दिलं, ह्याचा. मी हिरमुसून दोन ओळी पाठवल्या असत्या तर तिकडं त्यांना शंका तरी आली असती. मी नारळापासून ट्रामपर्यंत लिहिलं. एवढ्या हौसेनं लिहिणारी बाई नवऱ्याची वाट पाहत असेल, असं कोण म्हणेल?

भायांचा धाकटा ताट पुढं करून उभा होता. त्याला भात हवा होता. मी वाढला. पण वाढताना मला त्या पोराचाही राग आला होता, हे खोटं कशाला सांगू.

मग मी बालबोधीत पत्र लिहिलं, माझ्या हातानं, आयुष्यातलं पहिलं. सगळं लिहिलं. माझा भाऊ भेटायला आला होता, त्याच्याजवळ दिलं, त्यानं ते नाक्यापलीकडं सोलापुरात पेटीत टाकलं. चार महिने गेले. मग एक पत्र आलं, उर्दूत, नेहमीप्रमाणं भायांच्या नावानं. ते मी त्यांच्या हातातून घेतलं आणि खालांकडं नेलं. खालांनी वाचलं: सर्व खुशाल असाल, मीही खुशाल, आईची काळजी घ्या, दादा, तुम्हाला नमस्कार. माझ्या पत्राचा उल्लेखच नाही. खाला म्हणाल्या, "पोचलं नसंल." मीही तेच धरून बसले. पुढं आणखी दोन पत्रं लिहिली. त्यांचंही तेच झालं. तपासायला माणूस नसेल, भाया म्हणाले ते खरं असेल, असं स्वतःला सांगत मी दीड वर्ष काढलं. नवऱ्याच्या मनात मी नको असलेली बाई, आणि ते पुसायला माझ्या हातात काही नाही.

लढाई संपली आणि ते आले. मोटारीतून उतरले, डोक्यावर ट्रंक घेऊन गल्लीत शिरले, तेव्हा लेकीला पाचवं लागलं होतं. ती ओसरीवर भायांचं बोट धरून उभी होती. खाकी कपड्यातला माणूस पाहून ती भायांच्या धोतरामागं लपली आणि म्हणाली, "आबा, ह्यो कोण?"

भायांनी तिला पुढं ढकलली. "जा, बाबा हायती तुजे."

ती जाईना. हे हसले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या दादा. ऱ्हाऊ द्या तुमच्यापशी."

मी दाराआडून पाहत होते. पाच वर्षं मी ज्या घडीची वाट पाहिली, ती ही अशी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गोठ्यात एकटे सापडले. मी विचारलं, "माझी पत्रं मिळाली नाहीत ना?"

"मिळाली की."

"तिन्ही?"

"तिनीबी. कोल्हापूरकडला एक हवालदार व्हता, त्याच्याकडून वाचून घेतली."

ते बैलाच्या गळ्यातलं दावं सैल करत होते.

"मग उत्तर?"

"काय लिवणार? उर्दूत लिवलं तर दादालाच वाचावं लागलं असतं ते, आन् हवालदाराकडून बालबोधीत लिवलं तर त्याला न वाचताच कळलं असतं. बापामागं त्यानंच वाढवलं मला. त्याची चूक त्याला त्याच्याच तोंडानं वाचायला लावू?"

"आणि मी? मी काय समजायचं होतं?"

"तुझं खरं हाय, हे कळलं की मला," ते म्हणाले. अगदी शांतपणे म्हणाले. "पहिल्याच पत्रानं कळलं."

म्हणजे दीड वर्षापूर्वीच त्यांच्या मनातला माझ्यावरचा आळ गेला होता. ते मला कळवायला त्यांना एक ओळ लिहावीशी वाटली नव्हती. मी सोलापूरच्या खोलीचं विचारलं. म्हणाले, "दादाची पोरं जरा मोठी हू दे." भायांवर मी चिडले होते, सासूबाईंवर चिडले होते. गोठ्यात मात्र मला चिडताही येईना. ज्याच्यासाठी त्या दोघांवर चिडायचं, तोच त्यांच्यातला निघाला होता.

दुपारी ओसरीवर दोघं भाऊ बसले होते. आजूबाजूचे चार लोकही आले होते. ह्यांनी इस्कंदरियाचं सांगायला सुरुवात केली. पाणी कसं होतं, खांब केवढा, किल्ल्याच्या भिंती नळदुर्गाच्या पुढं काहीच नाहीत. लोक माना डोलावत होते. लेक भायांच्या मांडीवर बसून ऐकत होती. भीड चेपली तशी तिनं एकदम विचारलं, "चार दिस नुसतं फिरलात, मग घरी का न्हाय आलात?"

भाया खाली पाहायला लागले. सासूबाई गुडघा चोळायला लागल्या. लोक ह्यांच्या तोंडाकडं पाहत होते. ह्यांनी एकदा भावाकडं पाहिलं, मग हसून म्हणाले, "तुज्या आईनंच लिवलं व्हतं, फिरून या म्हणून."

सगळे हसले. मी दारात उभी होते, हातात पाण्याचा तांब्या. भायांनी मान वर केली नाही. लेकीनं वळून माझ्याकडं पाहिलं. तिला ते खरं वाटलं होतं.